दहा रुपयांचे केस

मुदतीच्या तापातून मी उठले तेव्हा माझं वजन किती उतरलंय हे कुणी पाहिलं नाही. सगळे माझे केस पाहत होते. मुदतीचा ताप म्हणजे टायफॉइड. महिनाभर मी अंथरुणात होते. ताप उतरला, भूक लागायला लागली, डॉक्टरांनी कामावर जायला हरकत नाही म्हणून सांगितलं, आणि मग एक दिवस आईने वेणी घालायला फणी फिरवली तर फणीबरोबर मूठभर केस आले. तिने ते बोटाला गुंडाळले आणि पुन्हा फणी फिरवली. पुन्हा मूठभर आले.

माझे केस कमरेपर्यंत होते. रंगाने मी सावळी, नाक जरा बसकं, उंची बेताची. तेव्हा आईची सगळी भिस्त माझ्या केसांवर होती. दर रविवारी ती स्वतः शिकेकाई उकळून माझं डोकं धुवायची आणि गॅलरीत ऊन यायच्या वेळेला मला बाहेर बसवायची. केस वाळायला तिथे ऊन चांगलं येतं, असं ती म्हणायची. पण तिथून येणाऱ्याजाणाऱ्यालाही ते दिसायचे, हे तिला ठाऊक होतं. गिरगावातली आमची चाळ तीन मजल्यांची, आणि गॅलरी सगळ्यांची मिळून एक.

फणीत आलेले केस फेकायचे नाहीत ही तिची जुनी सवय. ते ती एका डब्यात साठवायची. आजारपणानंतर तो डबा महिन्याभरात भरला. मग ती भुलेश्वरला एका बाईकडे गेली आणि त्या केसांचं गंगावन करून घेऊन आली. गंगावन म्हणजे खोट्या केसांचा शेपटा. आपल्या विरळ झालेल्या केसांत तो काळ्या दोऱ्याने गुंफायचा आणि वर अंबाडा घालायचा. आमच्या गंगावनात खोटं काहीच नव्हतं, सगळे माझेच केस होते. आई म्हणाली, "कुणाला कळायचंसुद्धा नाही." तिने ते इतकं घट्ट बांधलं की माझ्या भुवया वर ओढल्या गेल्या.

मी तेव्हा बावीस वर्षांची होते. फोर्टमधल्या एका इंग्रज कंपनीत टेलिफोन ऑपरेटर होते. बोर्डापुढे आम्ही दोघी बसायचो. दुसरी माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी मोठी होती. तिला सगळं ऑफिस सीनियरच म्हणायचं, म्हणून मीही म्हणायची. ती आमच्याच गिरगावातल्या ख्रिस्ती वाडीत राहायची, फ्रॉक घालायची, आणि तिचे केस मानेवर कापलेले होते. कामात चोख. आवाज असा की पलीकडचा चिडलेला माणूस दोन वाक्यांत मऊ व्हायचा.

आमच्या कामात कानाला लावायचं यंत्र असायचं आणि ते डोक्यावरून जाणाऱ्या पोलादी पट्टीने बसवलेलं असायचं. ती पट्टी गंगावनावर दाबून बसे. दुपारी दोनच्या सुमारास माझं डोकं दुखायला लागे, ते संध्याकाळी घरी जाऊन पिना काढेपर्यंत दुखत राही. मी आईला तसं सांगितलं. आई म्हणाली, "सवय होईल." तिची समजूत होती की डोकं आजारपणामुळे दुखतंय.

सवय झाली नाही. एकदा मोठे साहेब कुणा पाहुण्याला ऑफिस दाखवत आमच्या बोर्डापाशी आले. मी बाहेरगावचा एक ट्रंक कॉल जोडत होते, मागे काय चाललंय याचा पत्ता नव्हता. बोर्डाच्या वरच्या ओळीतल्या भोकात जोडणीची दोरी घालायला मी उठून वाकले. पट्टी गंगावनात अडकली, आणि पट्टी सावरायला गेले तर गंगावन सुटून जमिनीवर पडलं. पाहुणा एकदम दोन पावलं मागे सरला. त्याला ते एखादं जनावर वाटलं असावं. आमचा शिपाई वयस्कर, रत्नागिरीकडचा. त्याने ते दोन्ही हातांनी उचललं, झटकलं, आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवलं. मी आधी कॉल जोडून दिला आणि मग उठून बायकांच्या खोलीत गेले.

सीनियर पाच मिनिटांनी मागून आली. मी रडत नव्हते. पिना गोळा करत होते.

"काय गो," ती म्हणाली, "हे ओझं किती दिवस वागवायचं?"

"केस वाढेपर्यंत."

"असे नाय वाढायचे. माझ्याबरोबर चल शनिवारी. कुलाब्याला एक चिनी बाई हाय. महाग हाय, पण तिच्या हातात डोकं दे."

"महाग म्हणजे किती?"

"कापायचे दहा. कुरळे करायचे असतील तर तीस."

दहा रुपये! आमचे वडील दर महिन्याला जिन्याखाली बसणाऱ्या न्हाव्यासमोर पाट मांडून बसत आणि सहा आण्यांत त्यांची हजामत होई. घरात बायकांच्या केसांवर तेल आणि शिकेकाई सोडून पैसा कधी खर्च झालाच नव्हता. केस राखायला पैसे पडले तर एक वेळ समजण्यासारखं होतं. कापायला पैसे देणं म्हणजे आपलं घर पाडायला आपणच गवंड्याला मजुरी देण्यासारखं होतं. पण माझ्याकडे पगारातून बाजूला काढलेले बारा रुपये होते. एका साडीसाठी मी ते जमवत होते. शुक्रवारी रात्री मी आईला सांगितलं की उद्या ऑफिसात जास्तीचं काम आहे, यायला उशीर होईल.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे होते. आमच्या भागात रोज कुठे ना कुठे सभा असायची. भिंतींवर, ट्रामवर, शाळेच्या कुंपणावर घोषणा लिहिलेल्या असायच्या. वडील सरकारी कचेरीत कारकून होते, त्यामुळे ते उघड काही बोलत नसत, पण ऑफिस सुटल्यावर सभेला जाऊन मागे उभे राहत. कुठल्या दिवशी काय बंद होईल याचा नेम नसे. शनिवारी सकाळी सगळं नेहमीसारखं होतं. एक वाजता ऑफिस सुटलं आणि आम्ही दोघी कुलाब्याला गेलो.

दुकान एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर होतं. बाहेर छोटीशी पाटी. आत तीन खुर्च्या, तीन आरसे, आणि कसल्याशा औषधाचा उग्र वास. दोन गोऱ्या बायका डोक्याला टॉवेल गुंडाळून मासिकं चाळत बसल्या होत्या. मी माझ्या चपलांकडे पाहत राहिले. चिनी बाई पन्नाशीची असेल. बुटकी, पांढरा कोट घातलेली, चष्म्याची दोरी गळ्यात. सीनियरशी ती इंग्रजीत बोलली, माझ्याशी हिंदीत. दोन्ही भाषा ती कापून-कापून, मोजक्या शब्दांत बोलायची.

तिने मला खुर्चीत बसवलं आणि एकेक पीन काढत गेली. अंबाडा सोडला. गंगावनाच्या गाठी सोडवायला तिला वेळ लागला. ओढलं असतं तर लवकर झालं असतं, पण तिने ओढलं नाही. शेवटी गंगावन बाजूच्या टेबलावर ठेवलं आणि माझ्या डोक्यावर बोटं फिरवली. कपाळापासून मानेपर्यंत, मग एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत. किती तरी वेळ ती नुसती पाहत होती. डॉक्टरांनीही आजारपणात माझ्याकडे इतका वेळ पाहिलं नव्हतं.

"किसने बांधा?"

"माँ ने."

तिने हातातला आरसा माझ्या मागे धरला आणि पुढच्या आरशात मला माझं डोकं मागून दिसलं. बावीस वर्षांत मी ते कधी पाहिलं नव्हतं. आमच्या घरी एकच आरसा, तोही खिडकीच्या चौकटीला टांगलेला, तळहाताएवढा. मागे, जिथे गंगावनाची गाठ बसायची, तिथे रुपयाएवढ्या दोन जागा अगदी उघड्या पडल्या होत्या. कातडी गुळगुळीत आणि लाल.

"बुखार से नहीं," ती म्हणाली. "बुखार का वापस आता है. ये देखो, छोटा छोटा आया. ये टाइट बांधने से गया. और बांधेगा तो फिर नहीं आएगा."

मी तीस रुपयांच्या कुरळ्या केसांबद्दल विचारलं. माझ्याकडे तीस रुपये नव्हते, पण समोरच्या बाईचे कुरळे केस पाहून मला विचारावंसं वाटलं. तिने मान हलवली.

"अभी नहीं. पैसा वेस्ट. बाल जल जाएगा."

दुकानदाराने आपणहून पैसे नाकारलेले मी तोवर पाहिले नव्हते. भुलेश्वरच्या बाईने तर आईला गंगावनाबरोबर जाळी आणि फुलांच्या पिनासुद्धा विकल्या होत्या.

तिने केस कानाखाली कापले. कात्री फार हळू चालत होती. एकेक बट उचलायची, पाहायची, कापायची, पुन्हा पाहायची. उघड्या पडलेल्या जागांवर वरचे केस कसे येतील याचा ती अंदाज घेत होती. मी पैशाचा विचार करत होते, आईचा विचार करत होते, आणि मध्येच माझ्या लक्षात आलं की दोन वाजून गेले तरी आज डोकं दुखत नाहीये.

काम अर्धं झालं असेल तेव्हा खालून पळापळीचे आवाज यायला लागले. दुकानांच्या फळ्या धडाधड पडल्या. तिच्याकडे काम करणारी बाई खिडकीतून पाहून म्हणाली, "फाउंटनजवळ लाठी चालली म्हणतात. ट्राम बंद झाल्या." गोऱ्या बायकांनी टॉवेलसकट उठून मोटारीची चौकशी सुरू केली. चिनी बाईने खिडकी लावून घेतली आणि पुन्हा कात्री हातात घेतली.

"आधा सिर लेके कहाँ जाएगा?" ती मला म्हणाली. "बैठो."

साडेचारला आम्ही निघालो. दहा रुपये दिले. गंगावन तिने कागदात बांधून माझ्या हातात दिलं. ट्राम नव्हती, बस नव्हती, टॅक्सीवाले थांबत नव्हते. फाउंटन टाळून आम्ही ओव्हलच्या कडेने चर्चगेट, तिथून मरीन लाइन्स असं चालत गेलो. हवेत धुराचा तिखट वास होता आणि डोळे चुरचुरत होते. माझ्या मानेला वारा लागत होता. मान इतकी उघडी मला कधीच वाटली नव्हती. मी पदर घेतला, तो सारखा घसरत होता, कारण त्याला अडकायला अंबाडाच नव्हता.

धोबीतलावच्या पुढे रस्त्यात दगड टाकले होते, हातगाड्या आडव्या लावल्या होत्या. तिथे आठदहा पुरुष उभे होते. त्यांनी आम्हाला अडवलं. फ्रॉकमधली एक बाई आणि कापलेल्या केसांची दुसरी. आम्ही कोण, हे त्यांनी आधीच ठरवलं होतं.

"ए मेमसाब, किधर जाता?" एकाने विचारलं. "रस्ता बंद है."

सीनियर त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "मेमसाब कुणाला बोलतोस रे? मराठीत बोल की. आमी इथलीच हाव. तुझा आजा कोकणातून आला त्याच्या आधीपासून आमची वाडी हाय इथं."

तो गांगरला. मागून दुसरा पुढे आला. डोक्याला रुमाल बांधलेला, तोंडावर धूळ. माझ्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, "आणि ही? हिला येतं का मराठी?"

मी त्याच्याकडे नीट पाहिलं. ते आमच्या शेजारच्या खोलीतले काका होते. लहानपणापासून मी त्यांच्या घरी वाटी घेऊन जात-येत होते. माझ्या आजारपणात बर्फ आणायला तेच पळायचे.

"काका," मी म्हणाले, "घरी काकूंनी सकाळी कोथिंबीर आणायला सांगितली होती तुम्हाला. आणलीत का?"

काकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्यांनी आधी माझ्या तोंडाकडे, मग डोक्याकडे, मग पुन्हा तोंडाकडे पाहिलं.

"अगं, तू?" ते म्हणाले. "मला वाटलं... केस कुठे गेले तुझे?"

"कापले."

"कोणी?"

"मी. म्हणजे, कापून घेतले."

त्यांनी हातगाडी बाजूला केली. बाकीच्यांना ओरडून सांगितलं, "आपल्यातलीच आहे रे, सोडा." सीनियर मला हळूच म्हणाली, "तुला सोडलं, मला नाय. मी आपली तुझ्याबरोबर जाते." ती हसत होती, पण पूर्ण हसत नव्हती. तिच्या वाडीपर्यंत आम्ही बरोबर गेलो. काकांनी आम्हाला एकटं जाऊ दिलं नाही, मागे दहा पावलांवर चालत राहिले.

मी चाळीत पोचले तोवर बातमी माझ्या आधी वर गेली होती. तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्या भरलेल्या होत्या. मोर्चातून कोण परतलं, कोण नाही, हे पाहायला लोक उभे होते, पण माझ्यावरही नजर होतीच. आई दारात उभी होती. तिने माझ्या हातातला कागद घेतला, उघडून पाहिला, पुन्हा बांधला आणि फडताळात ठेवला. मग स्वयंपाकाला लागली.

वडील उशिरा आले. दिवा माझ्या बाजूला करून त्यांनी पाहिलं.

"डोकं दुखायचं थांबलं का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग झालं," ते म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले.

आई आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. म्हणजे जेवायला वाढायची, डबा द्यायची, पण बोलायची नाही. त्या आठ दिवसांत दोनदा संचारबंदी लागली, त्यामुळे तिचं न बोलणं मला घरात बसून ऐकावं लागलं. तिच्या रागाला कारण होतं. दादरचं एक स्थळ ठरत आलं होतं. शिवाजी पार्कजवळ राहणारं कुटुंब, मुलगा बँकेत. त्यांना माझा फोटो गेला होता, तो आजारपणाच्या आधीचा, लांब वेणी खांद्यावरून पुढे घेतलेला. ते लोक त्याच आठवड्यात येणार होते. संचारबंदीमुळे येणं पुढे ढकललं गेलं, आणि आईला तेवढीच सवड मिळाली. तिने गंगावन काढून माझ्या केसांत बसवायचा खूप प्रयत्न केला. पण आता ते बांधायला माझ्या डोक्यावर जागाच नव्हती. शेवटी ती म्हणाली, "पदर घे नीट. आणि विचारल्याशिवाय बोलू नकोस."

ते आले. मुलगा, त्याचे वडील आणि आई. मुलगा शिऱ्याच्या बशीकडे पाहत होता. त्याची आई हातात फोटो घेऊन आली होती.

"फोटोत केस छान आहेत," त्या म्हणाल्या.

"मुदतीचा ताप आला होता," आई घाईने म्हणाली. "त्यात गेले. येतील पुन्हा."

"हो, तापात जातात. माझ्या बहिणीचेही गेले होते. डॉक्टरांनी कापायला लावले असतील, नाही?"

आईने होकाराची मान हलवली. इथे मी गप्प बसले असते तर बहुधा सगळं ठीक झालं असतं. पण त्या बाईंनी माझ्याकडे पाहून विचारलं होतं, आणि विचारल्यावर बोलायचं असं ठरलं होतं.

"डॉक्टरांनी नाही," मी म्हणाले. "मीच कापून घेतले. कुलाब्याला एक चिनी बाई आहे, तिच्याकडे."

"असं? काय घेते ती?"

"दहा रुपये."

त्यांनी बशी खाली ठेवली. शिरा अर्धा तसाच होता. मग पावसापाण्याच्या, रेशनच्या गोष्टी झाल्या आणि ते गेले. चार दिवसांनी पत्रिका जुळत नाही म्हणून निरोप आला. पत्रिका त्यांनी दोन महिन्यांपूर्वीच जुळवून पाहिली होती.

"केसांचं त्यांनी समजून घेतलं असतं," आई म्हणाली. आठ दिवसांनंतरचं तिचं पहिलं लांबलचक वाक्य ते. "दहा रुपये सांगायची काय गरज होती? दोन सांगितले असतेस तर काय बिघडलं असतं?"

मला वाईट वाटलं का? थोडं वाटलं. मुलगा दिसायला बरा होता. पण तो एक शब्दही बोलला नव्हता, त्यामुळे नक्की कशाचं वाईट वाटून घ्यावं ते मला कळत नव्हतं.

दर दीड-दोन महिन्यांनी मी कुलाब्याला जात राहिले. पुढच्या खेपांना ती बाई पाच रुपयेच घ्यायची. सहा महिन्यांत मागच्या दोन्ही जागा भरून आल्या. वर्षभरात केस पहिल्यासारखे दाट झाले. ते पुन्हा वाढवायला आता काही हरकत नव्हती. आई तसं सुचवतही होती. मी वाढवले नाहीत. डोकं हलकं असायची मला सवय झाली होती. ऑफिसमध्ये पाच रुपयांवरून मुली मला चिडवायच्या. मी इतकंच म्हणायची की ती बाई पाहून कापते.

दोनेक वर्षांनी आईचा उजवा खांदा आखडला. हात डोक्यापर्यंत जाईना. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या वेण्या घालणाऱ्या बाईला स्वतःचा अंबाडा बांधता येईना. मी बांधून द्यायची, पण तिला तो पसंत पडायचा नाही. "पोतं बांधल्यासारखं बांधतेस," ती म्हणायची. काकू बांधायच्या तर त्यांचा फार घट्ट व्हायचा. नहाणं तर आणखी कठीण. महिनाभर असं चाललं. मग एका सकाळी ती भाजी निवडता निवडता, माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तुझ्या त्या बाईला अंबाडा येतो का बांधता?"

शनिवारी मी तिला घेऊन गेले. नऊवारी नेसलेली माझी आई त्या खुर्चीत पाय वर घेऊन बसायला निघाली होती. बेसिनवर मान टाकायची म्हटल्यावर तिने नकार दिला. "मी नाही आडवी होणार परक्या घरी." चिनी बाई तिच्याशी हिंदीत बोलत होती, आई तिला मराठीत उत्तरं देत होती, आणि दोघींचं चांगलं चाललं होतं. शेवटी चिनी बाईने तिचा दुखरा हात उशीवर ठेवला, दुसरी उशी मानेखाली दिली, आणि कोमट पाणी सोडलं. आईने डोळे मिटले.

तिचं डोकं दुसऱ्या कुणी धुतलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. बाळंतपणात धुतलं असेल, त्यालाही वीस-पंचवीस वर्षं झाली होती. पाच मिनिटांत ती झोपली. तोंड थोडं उघडं, कपाळावरची आठी गेलेली. चिनी बाईने मला खूण केली, बोलू नको. मग ती तशीच, तिला न उठवता, बराच वेळ हळूहळू बोटं फिरवत राहिली.

अंबाडा तिने चार पिनांत बांधला. आईने डाव्या हाताने चाचपून पाहिला.

"सैल आहे. सुटेल."

"नहीं छूटेगा," चिनी बाई म्हणाली.

सुटला नाही. दुसऱ्या दिवशीही तसाच होता. त्या दिवशी परतताना बसमध्ये आईने विचारलं, "किती झाले?"

"दोन रुपये."

"दोन?" ती म्हणाली. "फारच घेते." आणि खिडकीबाहेर पाहत बसली.

खरे सहा झाले होते.

पुढच्या महिन्यात मी दुकानात गेले तेव्हा चिनी बाई मला पाहून हसायला लागली. ती हसलेली मी पहिल्यांदाच पाहत होते. बुधवारी दुपारी, मी ऑफिसात असताना, आई शेजारच्या काकूंना घेऊन माझ्याशिवाय येऊन गेली होती. ट्राम बदलून, विचारत विचारत. दोघींनी डोकी धुवून घेतली, अंबाडे बांधून घेतले. मग आईने रुमालाची गाठ सोडली आणि टेबलावर चार रुपये ठेवले.

"तुम्हारा माँ बोला, दो रुपया. एक का दो. बहुत स्ट्रिक्ट."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पर्स उघडली. तिने पर्सवर हात ठेवला.

"बुधवार को दोपहर में कोई नहीं आता. मैं खाली बैठती हूँ. आने दो."

"पण दुसऱ्या बायका..."

"दूसरा औरत दस देता है," ती म्हणाली. "तुम्हारा माँ दो देता है. दुकान मेरा है."

मी आईला काही सांगितलं नाही. ती दर महिन्याच्या एका बुधवारी जात राहिली. चाळीत सांगत राहिली की कुलाब्याचं उगाच नाव मोठं आहे, नीट बोललं तर दोन रुपयांत होतं, आमच्या मुलीला घासाघीस जमत नाही म्हणून तिने तेव्हा दहा मोजले. तिचा खांदा पुढे बराच सुधारला. हात डोक्यापर्यंत जायला लागला. तरीही तिचा बुधवार चुकला नाही. मुंबईसह महाराष्ट्र राज्य झालं तेव्हा चाळीत पेढे वाटले, प्रत्येक दाराला तोरण लागलं, वडील पहिल्यांदाच उघडपणे घोषणा देऊन आले. त्या गर्दीतही आई काकूंना विचारत होती, "या बुधवारी तिचं दुकान उघडं असेल का गं?"

माझं लग्न झालं नाही. पुढेही दोन-तीन स्थळं आली, ती निरनिराळ्या कारणांनी राहिली. आईने त्याचं खापर माझ्या केसांवर फोडलं नाही, हे मी तिच्या बाजूने सांगितलं पाहिजे. मी टेलिफोनची नोकरी करत राहिले, सीनियर निवृत्त झाल्यावर सीनियर झाले. परवा माझ्या भाचीने दादरला केसांना जे पैसे दिले ते तिने मला सांगितले. ती म्हणाली, "मावशी, वाटतं का गं तुला, इतके द्यावेत?" मी तिला विचारलं, "त्यांनी कापायच्या आधी तुझ्या डोक्याकडे किती वेळ पाहिलं?" तिला ते आठवत नव्हतं. दहा रुपये जास्त होते की नव्हते, हे मला त्याही वेळी कळलं नव्हतं. आमच्या घराच्या मानाने ते जास्तच होते. पण तिथे जे मिळालं ते दुसरीकडे दोन रुपयांत मिळत होतं असंही नाही.

राज्य झाल्यावर वर्षा-दीड वर्षातच ती बाई दुकान विकून बहिणीकडे हाँगकाँगला गेली. जाण्याआधी तिने मला कळवलं, आणि आईला मी शेवटच्या बुधवारी रजा काढून घेऊन गेले. आईने तिच्यासाठी बेसनाचे लाडू नेले होते. त्यांचं बोलणं नेहमीप्रमाणे दोन भाषांत झालं. चिनी बाईने मला जवळ बोलावून पिना कुठे लावायच्या ते दोनदा दाखवलं आणि तिसऱ्यांदा माझ्याकडून करून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई आंघोळ करून माझ्यासमोर पाटावर येऊन बसली. पाठ माझ्याकडे, फणी तिच्या हातात.

"बांध आता," ती म्हणाली. "घाई करू नकोस. ऑफिसला अजून वेळ आहे."

मी फणी घेतली. पहिल्या दिवशी बरा जमला नाही, तरी तिने तो दिवसभर तसाच ठेवला. पंधरा दिवसांत जमायला लागला. त्यानंतर ती असेपर्यंत, एकोणीस वर्षं, रोज सकाळी डबा भरून झाला की ती पाटावर येऊन बसायची.